लाटांपलीकडचे दोन हात

अक्का, परवा तुमच्या शोकसभेत सगळे सांगत होते की तुम्ही फार शांत होता. तुमच्या शाळेतल्या एक बाई तर 'सोशिक' म्हणाल्या. मी मागच्या रांगेत ओठ दाबून बसले होते. कोथिंबिरीच्या जुडीत गवत निघालं म्हणून ती जुडी घेऊन भर उन्हात बाजारात परत गेलेल्या बाई तुम्ही. शांत मी तुम्हाला पाण्यातच काय ते पाहिलं, आणि तेही लाटा ओलांडून पलीकडे गेल्यावर.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. आपल्यातलं जे बोलायचं राहिलं आहे ते हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून बोलण्यासारखं नाही. आपलं भांडण मिटलेलं नाही, अक्का. तुम्ही मधेच उठून गेलात.

आपली ओळख आमच्या बँकेच्या एग्मोर शाखेत झाली. तुम्ही हयातीचा दाखला द्यायला आला होता. मी फोनवर आईशी बोलत होते, आणि काचेपलीकडून आवाज आला, "तूं मराठी काय गो?" पुण्या-मुंबईतल्या कोणाचीही नाही अशी ती मराठी. शब्द माझ्या पणजीच्याही आधीचे आणि हेल तमिळ. तंजावरकडचे मराठी लोक असे बोलतात हे मी ऐकून होते, समोर पहिल्यांदाच पाहत होते. "मी जिवंत आहें," तुम्ही म्हणालात, "तेवढें लिहून दे. मज घरीं जावयाचें आहे." तुमचे केस ओले होते आणि मानेला वाळू चिकटली होती. सर्दी होईल, असं मी म्हटलं.

"समुद्रांत गेलें होतें. रोजच जातें."

मी उगाच सांगून बसले की मलाही पोहता येतं, मी कृष्णाकाठची आहे. तुम्ही मला चष्म्यावरून पाहिलंत. गणिताच्या बाई नापास होणाऱ्या मुलीकडे पाहतात तसं.

"नदींत पोहणारे सगळे असेंच म्हणतात. रविवारीं साडेपांचास कोट्टिवाक्कमला ये."

मी आले. माझं पोहणं पाठीला भोपळा बांधून घाटावर शिकलेलं. नदीचं एक बरं असतं, ती एकाच दिशेला जाते आणि आपण कुठे बाहेर निघणार हे उडी मारण्याआधीच ठाऊक असतं. इथे पहिल्याच लाटेनं मला उलटं केलं, दुसरीनं वाळूवर आपटलं, आणि मी नाकातोंडात खारं पाणी घेऊन उठते तोवर तिसरी आली. तुम्ही पलीकडे होता. सत्तरीला टेकलेली बाई, शाळेच्या खेळाची जुनी ट्रॅकपँट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि डोक्याला नारिंगी रबरी टोपी. तिथून ओरडलात, 'गं'च्या जागी तमिळ 'डी' लावून, "लाटेशीं भांडूं नको डी! तिच्या खालून ये!"

मी खालून आले. पलीकडे पाणी नुसतं वरखाली होत होतं. तुम्ही पाठीवर पडून होता, मीही पडले. आमच्याकडच्या समुद्रात सूर्य बुडतो, इथे तो पाण्यातून वर येतो, आणि तो येताना मी पाण्यातच होते. या शहरात येऊन मला वर्ष होत आलं होतं. नवरा सकाळी सातला श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीच्या बसमध्ये चढायचा, लेक शाळेत, आणि मी दिवसभर 'मॅडम'. वर्षभरात घराबाहेर कोणी मला नावानं हाक मारली नव्हती. तुम्ही त्या दिवशी पाण्यात मला "शुभा" म्हणालात. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

तीन वर्षं आपण गेलो. पण अक्का, हेही कबूल करते की त्या तीन वर्षांत एकही रविवार मला भीती वाटली नाही असा गेला नाही. तुम्ही किनाऱ्यावर आधी सेल्वमकडे जायचात. तो बोटीशी जाळं सोडवत बसलेला असायचा. "तण्णी एप्पडि?" पाणी कसं आहे? तो एका शब्दात सांगायचा. वन्नी म्हणजे पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतंय, तेंडी म्हणजे त्याच्या उलट. त्यावरून तुम्ही ठरवायचात कुठून आत शिरायचं आणि कुठे बाहेर निघायचं. कोळ्यांचे हे शब्द तुम्ही मला पाढ्यांसारखे पाठ करून घेतलेत. वाहत्या पाण्याविरुद्ध जायचं नाही, आडवं जायचं. बुडणाऱ्याला समोरून धरायचं नाही, मागून कॉलर धरायची. हे सगळं तुम्हीच मला शिकवलंत.

म्हणूनच फेब्रुवारीतली ती सकाळ मला अजून पचत नाही.

सेल्वमनं त्या दिवशी विचारायच्या आधीच हात हलवला. "वेण्डाम, अम्मा. मेमेरि ओडुदु." नको. मेमेरी म्हणजे किनाऱ्याकडून खोल समुद्राकडे ओढणारं पाणी. तो शब्द तुम्हीच मला सांगितला होता, आणि त्या दिवशी पोहायचं नसतं हेही.

मी म्हटलं, "अक्का, आज नको."

"थोडें आंत जाऊन येऊं. आडव्यानें निघूं."

"सेल्वम नको म्हणतोय."

"तो रोजच नको म्हणतो."

"रोज नाही म्हणत. मी तीन वर्षं ऐकते आहे."

तुम्ही टोपी घातलीत. "मग तूं थांब. टॉवेल धरून बस."

हे तुम्ही मुद्दाम बोललात. टॉवेल धरून बसणाऱ्यांतली मी नाही हे तुम्हाला माहीत होतं. मी तुमच्या मागून आत शिरले.

त्या जागी लाटाच फुटत नव्हत्या. मधे एक सपाट पट्टा होता आणि आपण त्यातून इतक्या सहज आत गेलो की मला घाम फुटला. पाण्यात घाम येतो हे तेव्हा कळलं. मागे पाहिलं तर बोटी काडेपेटीएवढ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, लांब आलो. आता आडवं निघू." तुम्ही उत्तर दिलं नाहीत. पाठीवर पडून होता, तोंड उघडं, एक हात छातीवर. ओठांचा रंग गेला होता.

"छातींत पाखरूं शिरलें आहे," तुम्ही म्हणालात.

तेवढ्यात तुमच्या तोंडावरून पाणी गेलं, तुम्हाला ठसका लागला, तुम्ही पालथ्या झालात आणि माझी मान धरलीत. दोन्ही हातांनी, समोरून. आपण दोघी खाली गेलो. वर आलो, पुन्हा खाली गेलो. तुमची बोटं माझ्या गळ्यात रुतली होती. मला वाटतं, तुम्ही तिथे नव्हताच. ज्या बाईनं मला हे कधीही करायचं नाही म्हणून शिकवलं ती ही नव्हती. मी ओरडले, "सोड! अक्का, सोड म्हणते ना!" आयुष्यात तुम्हाला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. तुम्ही सोडलं नाहीत. तिसऱ्यांदा खाली गेल्यावर मी गुडघे पोटाशी घेतले आणि पायानं तुमच्या छातीवर लाथ मारली. सगळ्या ताकदीनं. जिथे पाखरू शिरलं होतं तिथेच.

हात सुटले.

आणि मी किनाऱ्याकडे निघाले, अक्का. तुमच्याकडे नाही, किनाऱ्याकडे. दोन हात मारले. उजवा, मग डावा. दोन्ही मला अजून वेगवेगळे आठवतात. डोक्यात तुम्ही नव्हता. माझी नऊ वर्षांची ओवी होती, तिच्या डब्यात सोमवारी काय द्यायचं आहे हे होतं. तिसऱ्या हाताला मी वळले. का वळले हे सांगता येत नाही. मला दया आली, प्रेम आलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पाण्यावर फक्त टोपी दिसत होती. मी मागून कॉलर धरली, तुमची हनुवटी वर केली आणि ओरडत सुटले. सेल्वम तोवर बोट घेऊन निघालेलाच होता. आपण आत शिरलो तेव्हापासून त्यानं नजर काढली नव्हती. त्यानं तुम्हाला बोटीत ओढून घेतलं, मग मला.

वाळूवर तुम्ही ओकलात, तोंड पुसलंत, आणि पहिलं वाक्य बोललात ते असं: "मुकुंदास सांगूं नको."

मुकुंद तुमचा एकुलता एक मुलगा. सिरुसेरीला मोठ्या हुद्द्यावर. पाण्याला घाबरणारा, घोट्याच्या वर कधी न भिजलेला. मी म्हटलं, "आधी डॉक्टरकडे चला."

"डॉक्टरास ठाऊक आहे. चार महिने गोळ्या घेतें. ठोके चुकतात म्हणाला. पोहूं नका म्हणाला."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा थंडी वाजायला लागली. "चार महिने? आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलें असतें तर तूं माझ्यासवें आली असतीस?"

"नसते आले! तुम्हालाही जाऊ दिलं नसतं!"

"मग?"

त्या 'मग'वर आपलं भांडण थांबलं ते अजून तिथेच आहे. अक्का, तुम्ही स्वतःचा जीव पणाला लावलात तो तुमचा हक्क धरू. पण पाण्यात आपण दोघी असायचो. तुम्हाला काही झालं तर तुम्ही कोणाला धरणार हे तुम्हाला कळत होतं. गणितच होतं ते, आणि तुम्ही ते चार महिने माझ्यापासून लपवलंत. माझी मुलगी तुम्हाला 'पाट्टी', आजी, म्हणते. तिच्या आईची मान होती ती.

मी हे तेव्हा बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही विचारलं असतंत, तू काय केलंस? म्हणून मी गप्प बसले, आणि तुम्ही समजलात की मी वचन दिलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी तुमचा फोन आला. आवाज एकदम ठणठणीत.

"उद्यां येतेस?"

"कुठे?"

"कुठे काय? कोट्टिवाक्कमला."

"अक्का, मी येणार नाही. तुम्हीही जायचं नाही."

"बरें. मी एकटी जातें."

तुम्ही फोन ठेवलात. मी दहा मिनिटं ओट्याशी उभी होते, आणि मग मुकुंदला फोन लावला. पाखरू, गोळ्या, मेमेरी, सेल्वमची बोट, सगळं सांगितलं. दोन हात सोडून सगळं. तो फोनवर रडला. "तुम्ही होता म्हणून अम्मा आहे," म्हणाला. तेव्हापासून तो सगळ्यांना हेच सांगत आला, आणि मी ते ऐकून घेत आले.

त्याच आठवड्यात त्यानं तुम्हाला सिरुसेरीला नेलं. चौदावा मजला. तिथून समुद्र म्हणे एका रेघेएवढा दिसतो. सोसायटीत पोहायचा तलाव आहे, पहारेकरी आहे, डॉक्टरांनाही चालेल, असं त्यानं तुम्हाला समजावलं. तुम्ही म्हणालात, "त्या टाक्यांत? त्यांत मी कपडेसुद्धां धुणार नाहीं." हे त्यानंच मला सांगितलं. मी हसले, मग मला आठवलं की तुम्ही माझ्याशी बोलत नाही.

आठ महिने तुम्ही बोलला नाहीत. मी दर रविवारी फोन करायची. मुकुंद म्हणायचा, "अम्मा झोपली आहे." मागे तुमचा आवाज ऐकू यायचा, तुम्ही त्याच्या बायकोला रस्सम् कसं करावं ते सांगत असायचात.

मी स्वतःला काय सांगत होते ते ऐका. मी तुमचा जीव वाचवला, दोनदा, एकदा पाण्यात आणि एकदा फोनवर. पण खरं हे आहे की मुकुंदला फोन लावताना मला तुमची जेवढी काळजी होती तेवढीच माझीही होती. तुम्ही पुन्हा पाण्यात गेला असतात तर मला मागून यावं लागलं असतं. आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी वळेन याची मला खात्री नव्हती. मला ती परीक्षा पुन्हा द्यायची नव्हती, म्हणून मी तुमचा समुद्र बंद केला.

ऑक्टोबरात मी न विचारता आले. तुम्ही दार उघडलंत, आत घेतलंत, कॉफी केलीत. किती बारीक झाला होता. तुम्ही ओवीची चौकशी केलीत, बँकेची केलीत, त्या सकाळचं नावही काढलं नाहीत. मी निघाले तेव्हा लिफ्टपर्यंत आलात.

"तूं जातेस कीं नाहीं?"

मी पायाकडे पाहिलं. "नाही. त्यानंतर गेलेच नाही."

"कां?"

"तुमच्याशिवाय कशी जाऊ?"

तुम्ही चिडलात. पूर्वीसारख्या चिडलात, मला बरं वाटलं. "हें कसलें कारण? मज थांबवलेंस तें थांबवलेंस. तुज कोणीं थांबायास सांगितलें?"

लिफ्ट आली. मी आत शिरले. दार बंद होताना तुम्ही तशाच उभ्या होता, कमरेवर हात ठेवून. मला लिफ्ट थांबवता आली असती. बटण हाताशी होतं. खरं कारण भीती आहे, अक्का, तुमच्या बोटांची नाही, माझ्या पायांची, एवढं एक वाक्य होतं. चौदा मजले मी ते मनात जुळवत उतरले. त्यानंतर आपण भेटलो नाही.

डिसेंबरात तुम्ही गेलात. दुपारी, खुर्चीत, चष्मा डोळ्यांवर तसाच. पाण्याचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदनं अस्थी कोट्टिवाक्कमलाच आणल्या. पाऊस नुकताच येऊन गेला होता, पाणी मातकट आणि लाटा कमरेच्या वर. सेल्वमची बोट चार दिवस वाळूवर ओढून ठेवलेली होती, तो म्हणाला आज कोणी जाणार नाही. गुरुजींनी मंत्र म्हटले. मुकुंद मडकं घेऊन गुडघाभर पाण्यात गेला आणि डोळे मिटून त्यानं ते पुढे सोडलं. लाटेनं परत आणलं. त्यानं पुन्हा सोडलं, पुन्हा परत आलं, त्याच्या नडगीवर आपटलं. तिसऱ्यांदा लाटेनं त्यालाच पाडलं. सेल्वमनं त्याला हात देऊन उठवलं. मडक्याच्या तोंडावर बांधलेलं कापड भिजून सुटत आलं होतं.

मुकुंद मडकं छातीशी धरून माझ्याकडे आला. "माझ्याच्यानं होत नाही. तुम्हीच तिला बाहेर काढलं होतंत. तुम्हीच न्या."

गुरुजी म्हणाले, बाईमाणसानं... मुकुंदनं त्यांना तमिळमधून दोनच शब्दांत गप्प केलं.

मी ओढणी सोडली, मडकं घेतलं आणि आत गेले. दहा महिन्यांनी. पहिल्या लाटेखालून गेले तेव्हा मडकं पोटाशी धरलं होतं आणि माझे दात वाजत होते. दुसरी डोक्यावर फुटली. तिसरीच्या आधी मला वाटलं, नाही जमत, परत फिरू. काठावर मुकुंद उभा होता, तो माझ्याकडे ज्या विश्वासानं पाहत होता ते मला सहन होईना, म्हणून मी पुढे गेले. पलीकडे पोचल्यावर कापड सोडलं. तुम्ही पाण्यावर राखाडी पसरलात आणि लगेच दिसेनाशा झालात. दक्षिणेकडे. वन्नी होती.

परत यायला वेळ लागला. आडवं, हळूहळू, प्रत्येक लाट आधी पाहून. त्या वेळात मी तुमचा एकदाही विचार केला नाही, फक्त पाण्याचा केला.

वाळूवर मुकुंदनं टॉवेल दिला आणि शेजारी बसला. "त्या दिवशीही पाणी असंच होतं?" एवढ्या महिन्यांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं. त्याला सगळं ठाऊक आहे असं तो समजत होता.

मी सांगितलं. लाथ सांगितली. दोन हात सांगितले. उजवा आणि डावा. ओवीचा डबासुद्धा.

तो 'असू दे' म्हणाला नाही, 'कोणीही तसंच केलं असतं' असंही म्हणाला नाही. मग म्हणाला, "सिरुसेरीला आणल्यावर डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा अम्माच्या छातीवर मोठा डाग होता. पिवळा पडत आलेला. डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, बोटीची कड लागली."

त्यानं वळून सेल्वमला विचारलं. सेल्वमनं स्वतःच्या काखेत हात घालून दाखवलं, अम्माला असं धरलं, मागून, पाठमोरं. कड लागली असती तर पाठीला लागली असती.

मुकुंद उठला. कपडे झटकले. "म्हणजे तिला माहीत होतं," म्हणाला, आणि गुरुजींना सोडायला गाडीकडे गेला.

अक्का, तुम्हाला माहीत होतं. दहा महिने तुम्ही ते मुलाला सांगितलं नाहीत, डॉक्टरला सांगितलं नाहीत, मला सांगितलं नाहीत. मी पाठ फिरवली तेही दिसलं होतं का? की नुसती लाथच कळली? तुमचा अबोला फोनसाठी होता की त्या दोन हातांसाठी? एकदा विचारायचंत. मी रडले असते, पाया पडले असते, उलट भांडले असते की तुम्हीच माझा गळा धरला होतात. आपण कॉफी थंड करून भांडलो असतो. ते सोडून तुम्ही एका अनोळखी डॉक्टरसमोर माझ्यासाठी खोटं बोललात, आणि मला लिफ्टपाशी विचारलंत की मी पोहायला जाते की नाही.

सेल्वम माझ्या ओढणीवरची वाळू झटकत उभा होता. तुम्ही नसल्यामुळे बहुधा काय विचारायचं ते त्याला सुचत नव्हतं. शेवटी मीच विचारलं, रविवारपर्यंत पाणी उतरेल का. तो समुद्राकडे पाहत राहिला, मग म्हणाला, उतरेल, पण आधी येऊन मला विचारा.